भयपट आणि घराचा उंबरठा

दिवेलागण झाली, देवापुढे शुभंकरोती म्हणून झाले, की आजीभोवती मुलांचे कोंडाळे जमे आणि गोष्टीला प्रारंभ होई. त्या गोष्टींत राजपुत्र असत, तसाच पिंपळावरचा मुंजा, विहिरीतली हडळ आणि अमावास्येच्या रात्री पालखीतून निघणारा वेताळही असे. मुले घाबरत, तरी दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा सांगण्याचा हट्ट धरीत. याचे कारण असे की, आजीचे लक्ष गोष्टीपेक्षा मुलांच्या चेहऱ्यांकडे अधिक असे. धाकट्याने पदर घट्ट धरला, त्याचे डोळे विस्फारले, की वेताळाची पालखी वाट चुके आणि हडळ मुकाट्याने विहिरीत परत जाई. थोरली मुले मागेच लागली, तर उरलेली गोष्ट धाकटा निजल्यावर पुरी होई. भय किती घालावे, हे ऐकणाऱ्याचे वय पाहून ठरत असे.

चित्रपटाला ही सोय नाही. पडद्यावरचे भूत शेकडो प्रेक्षकांना एकाच वेळी, एकाच मात्रेत भिवविते. पुढच्या रांगेत सहा वर्षांचे बालक बसले आहे की साठ वर्षांचे गृहस्थ, याची त्याला दाद नसते. आजीची ती नजर चित्रपटगृहाच्या दाराशी कोणी आणि कशी बसवावी, या प्रश्नाचा विचार जगातील अनेक देश गेली शंभर वर्षे करीत आहेत. भारतात या विचाराने अलीकडेच एक नवे वळण घेतले आहे. आणि त्या वळणावर कायद्याने जबाबदारीची किल्ली बऱ्याच अंशी आई-वडिलांच्या हाती ठेवली आहे. म्हणून हा विषय चित्रपटप्रेमींइतकाच प्रत्येक कुटुंबाचाही आहे.

थोडेसे आत्मकथन वाचकांनी क्षम्य मानावे. मी आठ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत इंदूरला मामाकडे गेले होते. दुपारी वडीलमाणसे निजली असता आम्ही भावंडांनी केबलवर एक भयपट पाहिला. त्याचे नाव आज आठवत नाही. परंतु भिंतीतून हळूहळू बाहेर येणारा एक हात अद्याप आठवतो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी रात्री एकटी मोरीपर्यंत जात नसे. भिंतीला पाठ लावून बसत नसे. आई कारण विचारी आणि मी सांगत नसे, कारण चोरून पाहिले होते. भीतीपेक्षाही ती कोणाला सांगता येत नाही, हे ओझे अधिक होते. पुढे भाषांतराच्या निमित्ताने चित्रपट-प्रमाणनाचे नियम वाचण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या नियमांच्या रूक्ष शब्दांमागे अशीच कितीतरी मुले बसलेली मला दिसली.

भीती कोणाची?

आपल्या देशातील चित्रपट-नियंत्रणाचा प्रारंभ मात्र मुलांच्या काळजीतून झाला नाही. १९१८ मध्ये इंग्रज सरकारने सिनेमॅटोग्राफ कायदा केला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण मंडळे स्थापन झाली. त्यांची सूत्रे पोलीस अधिकाऱ्यांकडे होती, यावरूनच त्यांचा रोख ध्यानात येईल. १९२१ साली मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीचा 'भक्त विदुर' हा मूकपट आला. त्यातील विदुराच्या वेषभूषेत महात्मा गांधींची छाया दिसल्यामुळे मद्रास व कराची येथे त्यावर बंदी आली. १९३० मध्ये प्रभात कंपनीच्या 'स्वराज्य तोरण' या शिवकालीन चित्रपटाला ते नाव टाकून 'उदयकाल' हे नाव घ्यावे लागले. 'स्वराज्य' या शब्दाने सत्ताधाऱ्यांचा थरकाप उडत होता. तात्पर्य, त्या काळच्या कात्रीला भीती होती ती जागृत प्रजेची. घाबरून रात्री उठून बसणारे बालक तिच्या खिजगणतीत नव्हते.

मुलांचा विचार प्रथम स्पष्टपणे पुढे आला तो विलायतेत. तेथील परीक्षण मंडळ १९१२ मध्ये स्थापन झाले आणि सर्वांसाठी एक व प्रौढांच्या सोबतीसाठी एक अशी दोन चिन्हे ते देत असे. १९३१ मध्ये अमेरिकेतून 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' हे दोन बोलपट आले आणि जुनी व्यवस्था अपुरी ठरली. या चित्रपटांत अश्लीलता नव्हती, राजद्रोह नव्हता. होते ते निव्वळ भय. तेव्हा १९३२ मध्ये भीषण चित्रपटांसाठी इंग्रजी 'एच्' या अक्षराचे सूचनावजा चिन्ह निघाले आणि १९३७ मध्ये त्याला निश्चित वर्गाचे स्वरूप येऊन सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश बंद झाला. भय हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, हे अशा रीतीने प्रथमच मान्य झाले.

'फ्रँकेन्स्टाइन'च्या संदर्भात घडलेली एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. त्या चित्रपटात तो अजस्र, अजाण राक्षस तळ्याकाठी एका लहान मुलीला भेटतो. ती त्याला फुले देते, दोघे ती पाण्यात सोडतात, फुले तरंगतात. फुले संपतात तेव्हा मुलगीही तशीच तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो. हे दृश्य अनेक ठिकाणी कापून टाकण्यात आले. परिणाम काय झाला? राक्षस मुलीकडे हात पुढे करतो इतकेच प्रेक्षकांना दिसे आणि पुढे एकदम तिचा बाप तिचे प्रेत हातांवर घेऊन गावातून चालत येई. मधल्या काळात काय घडले असेल याची कल्पना प्रेक्षक आपल्या मनानेच करीत आणि ती मूळ दृश्याहून कितीतरी भयानक असे. राक्षसाची करुण अजाणता कापली गेली आणि क्रौर्य तेवढे उरले. कात्री चालविली म्हणजे भय कमी होतेच असे नाही, ही गोष्ट तेव्हापासून जाणत्यांच्या ध्यानी आली.

चिन्हाचेही एक दुखणे आहे, तेही येथेच सांगितले पाहिजे. १९५१ मध्ये ब्रिटनने 'एच्' काढून 'एक्स' हे चिन्ह आणले. १९५५ साली एका चित्रनिर्मात्या कंपनीने आपल्या भयपटाचे नाव लिहिताना 'एक्सपेरिमेंट' या शब्दाचे पहिले अक्षरच गाळले, जेणेकरून शब्दाच्या आरंभी 'एक्स' ठळक दिसावा. 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' हा तो चित्रपट. धोक्याची पाटीच जाहिरातीची पाटी झाली. आपल्याकडेही वर्तुळातले 'ए' हे अक्षर भित्तिपत्रकावर मिरविण्याची हौस थोडकी नव्हती.

दोन अक्षरांपासून पाच वर्गांपर्यंत

स्वतंत्र भारतात १९४९ च्या दुरुस्तीने 'यू' व 'ए', म्हणजे सर्वांसाठी व केवळ प्रौढांसाठी, असे दोन वर्ग झाले. १९५१ मध्ये प्रांतोप्रांतीच्या मंडळांच्या जागी एकच केंद्रीय मंडळ आले आणि १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आजही या व्यवस्थेचा पाया आहे. या मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईत असून देशात त्याची नऊ प्रादेशिक कार्यालये आहेत.

भाषांतरकाराला येथे एक गमतीची अडचण येते. हिंदी प्रमाणपत्रावर 'यू' साठी 'अ' हे अक्षर असते. ते 'अनिर्बंधित' या शब्दाचे. प्रौढांच्या प्रमाणपत्रावर 'वयस्क' या शब्दाचा 'व' असतो. म्हणजे देवनागरीतला 'अ' सर्वांना आत या म्हणतो आणि रोमन लिपीतला 'ए' मुलांना बाहेर थांबा म्हणतो! दोन्ही अक्षरे एकाच वर्णमालेच्या आरंभीची मानून फसगत झालेले वाचक मला भेटले आहेत. शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. रंगभूमीसाठी महाराष्ट्रात 'परिनिरीक्षण' हा भारदस्त शब्द रूढ झाला. चित्रपटासाठी लोकांनी 'सेन्सॉर' हाच शब्द घरचा केला. १९८३ मध्ये मंडळाच्या नावातून 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' हा शब्द आला. लोकांच्या तोंडी मात्र ते अजून सेन्सॉर बोर्डच आहे, आणि ही केवळ सवयीची गोष्ट नाही. काटछाट सुचविण्याचा अधिकार मंडळाकडे आजही आहे.

हा अधिकार असावा की नसावा, हा वाद जुना आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार शहरांतील वैभव आणि दैन्य दाखविणारा एक लघुपट काढला. त्याला सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले गेले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिलेला निर्णय या क्षेत्रातील आधारस्तंभ मानला जातो. चित्रपट अन्य कोणत्याही कलेपेक्षा भावना अधिक खोलवर हलवू शकतो आणि अपरिपक्व वयामुळे मुलांवर त्याचा प्रभाव विशेष पडतो, म्हणून पूर्वपरीक्षण घटनेला धरून आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर, नियम संदिग्ध असू नयेत आणि कलेच्या दृष्टीने मोलाचे जे असेल त्याला वाव मिळावा, हेही बजावले. त्याच सुमारास न्यायमूर्ती खोसला यांच्या समितीनेही मंडळाला अधिक स्वायत्तता द्यावी असा विचार मांडला होता.

१९८३ मध्ये दोन वर्गांचे चार झाले. 'यू-ए' या नव्या वर्गात बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावे असे चित्रपट आले आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यवसायी वर्गासाठी 'एस' हा वर्ग झाला. योगायोग असा की, लागलीच पुढच्या वर्षी अमेरिकेलाही मधल्या पायरीची निकड भासली, आणि तिला कारण झालेल्या चित्रपटात आपले अमरीश पुरी होते. 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' या चित्रपटात त्यांनी रंगविलेला मोलाराम हा पुजारी जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपटून काढतो. पालकांच्या मार्गदर्शनाने मुलांना चालेल अशा वर्गात हा चित्रपट बसविला गेला होता. हे दृश्य, तसेच त्याच वर्षीच्या 'ग्रेम्लिन्स' या चित्रपटातील हिंसा पाहून पालकांनी तक्रारी केल्या आणि १९८४ च्या जुलै महिन्यात तेरा वर्षांखालील मुलांविषयी विशेष सावधगिरीचा इशारा देणारा नवा वर्ग तेथे निर्माण झाला.

सारेच भय सारखे नसते

येथे एक शंका साहजिक आहे. हिंसा दाखवावीच कशाला? उत्तर असे की, हिंसेचे चित्रण आणि हिंसेचा बाजार या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९८८ मध्ये भीष्म साहनींच्या कादंबरीवरील 'तमस' ही गोविंद निहलानींची मालिका दूरदर्शनवर आली. फाळणीच्या वेळचा रक्तपात दाखविल्याने द्वेष भडकेल, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली होती. सर्वोच्च न्यायालयानेही तक्रार फेटाळली आणि अशा चित्रणाचा परिणाम दुबळ्या, डळमळीत मनाच्या नव्हे तर सारासार विचार करणाऱ्या खंबीर माणसाच्या दृष्टीने जोखावा, ही जुनी कसोटी उचलून धरली. इतिहासातील भीषणता पाहून माणूस शहाणा होऊ शकतो, हा त्यामागील विश्वास होता.

१९९१ च्या मार्गदर्शक सूत्रांतही हाच विवेक आढळतो. निरर्थक व टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य आणि भीषणता, केवळ करमणुकीसाठी दाखविलेली मारहाण, माणसाचे मन बधिर करणारी दृश्ये यांना ती आक्षेप घेतात. त्याच वेळी चित्रपट तुकड्यातुकड्यांनी न पाहता समग्र परिणामाच्या दृष्टीने पाहावा आणि कलास्वातंत्र्याला अकारण बांध घालू नये, असेही सांगतात.

आपल्या भयपटांच्या परंपरेकडे पाहिले तर हा भेद डोळ्यांत भरतो. १९४९ च्या 'महल' मध्ये रक्ताचा थेंब नाही. ओसाड वाडा, झुलता पाळणा आणि कुठूनसा येणारा स्वर एवढ्यावर प्रेक्षक खुर्चीला खिळून राहिला. १९७२ मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' या चित्रपटापासून रामसे बंधूंनी भयपटांचा कारखानाच काढला. त्यांचे अनेक चित्रपट केवळ प्रौढांसाठी होते. १९९३ च्या 'झपाटलेला'तील तात्या विंचू या बाहुल्याने तर महाराष्ट्रातील एका पिढीला हसविता हसविता असे भिवविले की, पुष्कळ मुलांनी घरातील बाहुल्या उलट्या तोंडाने ठेवल्या.

कोकणच्या भूमीतून आलेले दोन चित्रपट या संदर्भात शेजारी ठेवून पाहावेत. २०१८ च्या 'तुंबाड'ला नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यातही एक आजी आहे, परंतु ती गोष्ट सांगणारी आजी नव्हे. साखळदंडांनी बांधलेली, न मरणारी, खाण्यासाठी आसुसलेली अशी ती आहे. लोभाचा शाप पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, हे सांगणारी ती कलाकृती केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झाली आणि ते योग्यच झाले. २०२४ मध्ये ती पुन्हा प्रदर्शित झाली तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही मोठी गर्दी लोटली. त्याच वर्षी आलेल्या 'मुंज्या'त आजीच्या गोष्टीतलाच मुंजा होता. तो 'यू-ए' वर्गात होता आणि मुले आई-वडिलांबरोबर तो पाहून आली. दोन्ही चित्रपट भयाचेच. परंतु एक धाकटा निजल्यानंतरच्या गोष्टीसारखा आणि दुसरा तो मांडीवर असतानाच्या गोष्टीसारखा. 'तुंबाड'चे लचके तोडून तो मुलांना दाखविता आला असता. पण मग मुलांचेही भले झाले नसते आणि प्रौढांच्या हातचे एक चांगले चित्र गेले असते. वयाचे चिन्ह हे मुलाचे रक्षण करते, तसेच प्रौढाचे स्वातंत्र्यही राखते. कात्रीला हे दोन्ही एकदम साधत नाही.

श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये हाच विचार मांडला. मंडळाने शक्यतो कापाकापी सोडून वयोगट ठरविण्याचे काम करावे आणि 'यू-ए' चे पोटविभाग पाडावेत, अशी तिची शिफारस होती. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने त्यातील पोटविभागांची कल्पना निराळ्या वयांनी स्वीकारली. आता 'यू-ए' मध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन टप्पे आहेत. सर्वांसाठीचा 'यू' आणि प्रौढांसाठीचा 'ए' हे मिळून सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने पाच वर्ग झाले.

दार घरातच आले

या दुरुस्तीतील एक कलम प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे. 'यू-ए' वरील वयाचा आकडा हा आई-वडिलांच्या व पालकांच्या विचारासाठी आहे. अन्य कोणी त्याची सक्ती करू शकत नाही, असे कायदाच सांगतो. म्हणजे 'यू-ए १६+' या चित्रपटाला आपण दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात, तर द्वारपाल अडविणार नाही. 'ए' ची गोष्ट वेगळी. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तो चित्रपट दाखविणाऱ्यावर कायद्याने कारवाई होऊ शकते. परंतु त्याखालच्या सर्व पायऱ्यांवर द्वारपाल आहोत ते आपण.

पूर्वी हा द्वारपाल निदान चित्रपटगृहाच्या दाराशी उभा असे. चित्रपट घरात शिरू लागले तेव्हा खरी अडचण सुरू झाली. १९७३ चा 'द एक्झॉर्सिस्ट' हा चित्रपट ब्रिटनच्या चित्रपटगृहांत प्रौढांना पाहावयास मिळाला होता. परंतु १९८४ च्या व्हिडिओ कायद्यानंतर घरगुती चित्रफितीसाठी त्याला १९९९ पर्यंत प्रमाणपत्र मिळाले नाही. चित्रपट तोच, देश तोच. भीती एवढीच की, घराच्या बैठकीत दाराशी तिकीट तपासणारा कोणी नसतो. आपल्याकडेही दूरचित्रवाणीवर येण्यासाठी प्रौढांच्या चित्रपटाला वेगळे प्रमाणपत्र लागते. २०२४ च्या अखेरीस आलेल्या 'मार्को' या अतिहिंसक मल्याळम चित्रपटाला २०२५ मध्ये ते नाकारण्यात आले.

इंटरनेटवरून घरोघर येणाऱ्या चित्रपटांना व मालिकांना मात्र प्रमाणन मंडळाकडे जावे लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्या त्या संस्थेने स्वतःच वर्ग ठरवावयाचा आहे, हिंसा वा भय यांपैकी आत काय आहे याची सूचना आरंभी द्यावयाची आहे, तेरा वर्षांवरील वर्गांसाठी पालकांच्या हाती कुलूप द्यावयाचे आहे आणि प्रौढांच्या सामग्रीसाठी वय पडताळण्याची खात्रीची सोय ठेवावयाची आहे. कुलूप आहे; ते लावणारा हात घरातलाच लागतो. किती घरांत त्या कुलपाचा अंक आई-वडिलांना ठाऊक आहे आणि किती घरांत तो मुलांनीच ठरविला आहे, याचा शोध वाचकांनी आपापल्या घरी घ्यावा. दुपारी वडीलमाणसे निजली असता माझ्या पिढीने केबल लावली. आजच्या मुलाच्या हाती तर पडदाच आहे आणि तो पांघरुणातही नेता येतो.

बालमन कशाला भिते?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधक जोअ‍ॅन कँटर यांनी मुलांच्या या भयाचा दीर्घ काळ अभ्यास केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले असता, सुमारे नव्वद टक्के विद्यार्थ्यांनी एखाद्या चित्रपटाने वा कार्यक्रमाने आपण फार घाबरल्याचे सांगितले. आणि सुमारे चौथ्या हिश्शाच्या मनात ती भीती तेव्हाही थोडीफार शिल्लक होती. माझा भिंतीतला हात एकटा नव्हता, हे वाचून मला विलक्षण समाधान वाटले.

या अभ्यासांतून आणखी एक उपयुक्त गोष्ट कळते. सात वर्षांच्या आतील मुले दिसण्याला भितात. सज्जन माणसाचे हिरव्या राक्षसात रूपांतर होणाऱ्या 'हल्क' या मालिकेत राक्षस प्रत्यक्षात लोकांना वाचवितो, हे मोठ्या मुलांना समजे. चिमुकल्यांना मात्र ते रूपांतरच असह्य होई. मोठी मुले याउलट, घडू शकेल अशा गोष्टीला अधिक भितात: घरात शिरलेला मारेकरी, हरवलेली आई, आग. म्हणून एकाच घरातील पाच वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी एकाच चित्रपटातील वेगवेगळ्या दृश्यांना घाबरतात. "अरे, हे सारे खोटे असते," हे वाक्य मोठ्या मुलाला धीर देते. लहानग्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याला हवी असते मांडी, पाण्याचा पेला, पाठीवरून फिरणारा हात आणि दिव्याचा उजेड. आपल्या आज्यांना हे कोणत्याही विद्यापीठावाचून ठाऊक होते.

यातून कुटुंबाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, तिकीट काढण्यापूर्वी अथवा पडदा सुरू करण्यापूर्वी ते चिन्ह वाचावे. काही क्षणच दिसणारे ते प्रमाणपत्र मुलांनाही वाचावयास शिकवावे. दुसरी, आकडा हा सरासरीचा असतो. आपले मूल कोणत्या गोष्टीने दचकते हे मंडळापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असते. तिसरी, मूल घाबरले तर त्याला भित्रा म्हणून हिणवू नये. हिणवलेले मूल भीती सोडत नाही, सांगणे तेवढे सोडते. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: चोरून काही पाहिले असले तरी येऊन सांगता येईल, एवढी जागा घरात असावी. आधी कुशीत घ्यावे. शिस्तीचे बोलणे सकाळी करता येते.

गेल्या हिवाळ्यातील एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करते. माझ्या नणंदेच्या मुलाचा बारावा वाढदिवस होता. तिचा दूरध्वनी आला, "अगं, सगळी मुलं चित्रपटाला नेणार आहोत. भुताचा आहे, पण विनोदी आहे म्हणे. तुझ्या लेकीलाही पाठव." माझी कन्या आठ वर्षांची. आम्ही दोघींनी मिळून चिन्ह पाहिले: 'यू-ए १३+'. तिने विचारले, "आई, तेरा म्हणजे मला अजून पाच वर्षं थांबायचं?" मी म्हटले, "तसं नाही. मला आणि बाबांना आधी विचार करायचा आहे." मी वन्संना म्हटले, "वन्सं, वाढदिवसाच्या मुलाचंही वय अजून बाराच आहे. आपल्यापैकी कोणी आधी पाहून आलं तर?" त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हसून म्हणाल्या, "बरं, तुझे भावजी जातील आज रात्री. त्यांना निमित्तच हवं असतं."

भावजी पाहून आले. थोरल्या मुलांना घेऊन तेच पुन्हा गेले. धाकटी मुले घरी राहिली. अर्थात् रुसवेफुगवे झाले, पाय आपटून झाले. रात्री सासूबाईंनी त्या रुसलेल्या मंडळींना गोळा केले आणि विहिरीतल्या हडळीची गोष्ट काढली. माझी कन्या सरकत सरकत त्यांच्या मांडीपाशी गेली. एका ठिकाणी तिने पदर घट्ट धरला. सासूबाईंनी खाली पाहिले, किंचित थांबल्या, आणि हडळ विहिरीत परत गेली.